बारा पूर्णांक चार मिलिमीटर

श्वास रोखून बाईंनी तापमापकांच्या पांढऱ्या पेटीचं झडपांचं दार उघडलं. माणसाच्या नुसत्या श्वासानेही पारा चढतो. म्हणून आधी श्वास थांबवायचा, मग डोळे पाऱ्याच्या रेषेत आणायचे आणि अंशाचा दशांश आधी वाचायचा. पूर्ण अंश कुठे पळून जात नाहीत. कोरडा तापमापक सव्वीस पूर्णांक दोन, ओला चोवीस पूर्णांक आठ. दार लावून त्या पर्जन्यमापकाकडे वळल्या. वरचं नरसाळं काढून बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतलं आणि गुडघे टेकून त्याची पातळी वाचली. तीन पूर्णांक सहा. घड्याळात साडेआठ झाले होते. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं; निवृत्तीला आता बावीस दिवस उरले होते.

"बाई, तुमचं लग्न या पेटीशीच लागलं होतं म्हणायचं," हवामान केंद्राच्या दारातून फुगेवाले म्हणाले. वायू भरलेला फुगा आकाशात सोडून वरच्या वाऱ्याचा माग काढणं हे त्यांचं रोजचं काम; त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं.

"तुमच्यासारखं तर नाही. रोज एक हवेत सोडून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा फुगवायचा."

फुगेवाले खो-खो हसले आणि त्यांनी हातातला लिफाफा पुढे केला. "मुख्य कार्यालयाकडून आलंय. जुनी मढी उकरताहेत."

पत्र दहा ओळींचं होतं. जुन्या नोंदी संगणकावर चढवताना एक नोंद शंकास्पद आढळली होती. अकरा वर्षांपूर्वीच्या एका वादळी सकाळी आजूबाजूच्या तिन्ही केंद्रांवर नव्वद मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. या केंद्रावर मात्र बारा पूर्णांक चार. नोंद कायम ठेवावी की रद्द करावी, हे निरीक्षकाने कारणासह कळवायचं होतं. सोबत तीन प्रतींचा नमुना जोडला होता.

"त्यात काय एवढं?" खांद्यावरून वाचत फुगेवाले म्हणाले. "लिहून टाका, स्थानिक फरक. बैलाच्या एका शिंगावर पाऊस पडतो, दुसरं कोरडं राहतं."

"तशा वादळात?"

"मी तर रजेवर होतो तेव्हा, मला काय विचारता? पण पुढच्या महिन्यात अखंड नोंदींचं मानपत्र मिळायचंय तुम्हाला. एका दिवसापायी एकतीस वर्षांवर पाणी सोडणार का?"

बाईंनी पत्राची घडी घातली. ती सकाळ त्यांना तारखेशिवायही आठवत होती.

नवरा गेल्यापासून घरात दोघीच होत्या, त्या आणि मुलगी. मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि आदल्या संध्याकाळी शब्दाने शब्द वाढत गेला. "जायचं तर जा. साडेआठला माझं रीडिंग असतं, मी काही पोचवायला येणार नाही," बाई म्हणाल्या होत्या. "तुला पावसापुढे कधी कोणी दिसलंय का?" मुलीने विचारलं होतं.

सकाळी त्या ठरल्या वेळी केंद्रावर आल्या. रात्रभर कोसळलेला पाऊस पहाटे थांबला होता; आठ वाजता पश्चिमेकडून पुन्हा काळंभोर आभाळ उठलं, वारा सुटला, आणि कोणाशी काही न बोलता बाई छत्री घेऊन बसस्थानकाकडे निघाल्या. दुसऱ्याच वळणावर छत्री उलटी झाली. वादळामुळे बस चाळीस मिनिटं उशिरा होती. मुलगी बाकावर बसली होती. दर थोड्या वेळाने उठून फाटकाकडे पाहत होती. वर्तमानपत्रांच्या बंद टपरीआड, पंधरा पावलांवर, बाई चिंब भिजून उभ्या होत्या. आधी कोण हलतं, एवढाच प्रश्न होता. आणि असा काही प्रश्न आहे हे मुलीला ठाऊकही नव्हतं. बस आली. मुलीने फाटकाकडे आणखी एकदा पाहिलं आणि ती चढली.

बाई परतल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. कुठूनसा उडून आलेला पत्रा आदळून पर्जन्यमापकाचं नरसाळं लांब पडलं होतं, बाटली आडवी झाली होती. तळाशी राहिलेलं पाणी त्यांनी मापलं आणि साडेआठच्या रकान्यात लिहून सही केली.

पुढे एकदा मुलगी फोनवर म्हणाली होती, "एवढं वादळ होतं ना, वाटलं होतं तू येशील."

"ड्यूटी होती," बाई म्हणाल्या होत्या. "वहीत बघ, सही आहे माझी."

त्यानंतर दोघींमध्ये बोलण्यासारखं हवामान तेवढं उरलं.

दुपारी फुगेवाले जेवायला गेल्यावर बाईंनी मुलीला फोन लावला.

"आई? या वेळेला कसा काय फोन? बरी आहेस ना?"

"बरी आहे. तिकडे पाऊस?"

"दोन दिवस नाही. नुसता वारा."

"कुठल्या दिशेचा?"

"ते मला कुठे कळतंय? धूळ येते, खिडक्या लावून घेते झालं." मग मुलीने विचारलं, "काही बोलायचं होतं का?"

"नाही गं. रीडिंगची वेळ झाली," बाई म्हणाल्या. घड्याळात दीड वाजला होता. पुढच्या रीडिंगला अजून तासभर होता.

त्यांनी जुनी नोंदवही काढली. तांबड्या शाईने आकड्यावर आडवी रेघ मारून वर 'निरीक्षण नाही' असं लिहिलं आणि आजची तारीख घालून सही केली. मग नमुन्याच्या तिन्ही प्रतींमध्ये कार्बन सारून, प्रत्येक अक्षर खालच्या कागदावर उमटेल इतक्या दाबाने, कारणाच्या रकान्यात त्या लिहू लागल्या.

'निरीक्षक त्या वेळी केंद्रावर हजर नव्हती. मुलगी नोकरीसाठी दूर चालली होती. तिला भेटण्यासाठी निरीक्षक बसस्थानकावर गेली. तेथे ती मुलीपासून पंधरा पावलांवर चाळीस मिनिटे उभी होती. पुढे गेली नाही. त्याचे कोणतेही सबळ कारण देता येत नाही.'

जेवून आलेल्या फुगेवाल्यांनी कागद वाचला.

"बाई, मुख्य कार्यालयाला एवढं सगळं कशाला? 'गैरहजर' म्हटलं तरी पुरलं असतं."

"त्यांना पुरलं असतं," बाई म्हणाल्या.

मूळ प्रत त्यांनी टपालाच्या गठ्ठ्यात ठेवली, दुसरी केंद्राच्या फायलीला लावली. तिसरी निरीक्षकाने स्वतःपाशी ठेवायची असते. ती त्यांनी नीट चौघडी करून कोऱ्या लिफाफ्यात घातली आणि वर मुलीचा पत्ता लिहिला. संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावरच्या टपालपेटीत लिफाफा सोडला. आत पडल्याचा आवाज आला नाही. आधीच बरीच पत्रं जमली असावीत. बाई पेटीवर हात ठेवून क्षणभर थांबल्या आणि मग चालू लागल्या.