सोयाबीनची अकरा मिनिटं

शिकागोत जुने भाव विकणाऱ्या कंपनीत मी काम करते. त्याआधी वीस वर्षं वायदेबाजारात सौद्यांच्या रिंगणावर कठड्याशी उभी राहायचे. खाली बोंबलणाऱ्या दलालांच्या हातांच्या खुणा वाचायचे आणि भाव यंत्रात टाकायचे. आज लोक 'इतिहास' म्हणून विकत घेतात ते हेच भाव.

सकाळी आमचा साहेब डेस्मंड खुशीत आला. "आयरीन, अठ्ठ्याऐंशीच्या दुष्काळातला हा दिवस बघ. शेवटच्या अकरा मिनिटांत सोयाबीन कसं कोसळलंय, किती स्वच्छ! सगळ्या गिऱ्हाइकांची आपोआप सौदे करणारी यंत्रं यावरूनच विकायला शिकलीत."

मी तारीख वाचली. त्या दिवशी कठड्याशी मीच होते.

"स्वच्छ असणारच," मी म्हटलं. "पावसाची बातमी आली आणि खाली नुसती झोंबाझोंबी. एक हात धड दिसेना. अशा वेळी एखादा भाव हुकला तर अंदाजानं भरायचा, ही आमची रीतच होती. मी अख्खी अकरा मिनिटं मनानं भरली."

"चेष्टा करतेस?"

"इतकी वर्षं कुणी विचारलं का मला?"

तो हसला आणि मधेच थांबला. शेजारच्या पडद्यावर आजचं सोयाबीन घसरायला लागलं होतं.

"आता सहा सेंट खाली," मी म्हटलं. "मग दोन वर. मग नऊ खाली. मी तेव्हा याच क्रमानं भरलं होतं."

तस्संच झालं. डेस्मंडनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"आयरीन, हे थांबतं कुठे?"

"मला काय ठाऊक? तेव्हा बाजार बंद व्हायची घंटा झाली, म्हणून मी थांबले."

पडद्यावरच्या घड्याळात बाजार बंद व्हायला अजून तीन तास होते.