बयाबाईनं मागितलेला पूल

लोणावळ्यात रेल्वेच्या इंजिनशेडच्या खालच्या अंगाला एक गरीब वस्ती होती आणि तिच्या मधोमध ओढा वाहायचा. अलीकडे राहायची ती धरणात गाव गेलेली मावळी माणसं. पलीकडे घाटातल्या रुळांवर राबणारी, देशावरून आलेली ग्यांगवाली. नळ पलीकडे, बाजाराची वाट अलीकडे. ओढ्यावर दोन जुने स्लिपर, रुळांखालचे लाकडी ओंडके, आडवे टाकलेले असत, त्यांवरून दिवसभर ये-जा चालायची.

१९३२ च्या चैत्रात जत्रेतल्या कुस्तीवरून भांडण पेटलं. लाठ्या निघाल्या. पलीकडच्या हौशीराम मुकादमाच्या लाठीनं अलीकडच्या भिमाजीचं डोकं फुटलं आणि दोन्हीकडची माणसं चौकीत जाऊन बसली. सुटून आल्याआल्या हौशीरामानं ते स्लिपर उपसले आणि ओढ्यात लोटून दिले. तेव्हापासून अलीकडच्या बाया रेल्वेच्या फाटकावरून मैलभराचा वळसा घालून पाणी आणू लागल्या. पलीकडच्या तोच वळसा घालून बाजार करू लागल्या.

भिमाजी हा बयाबाईचा भाचा. बयाबाई वस्तीची सुईण. दोन्ही काठांवरची निम्मीअधिक पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडली होती. पण भांडणानंतर पलीकडून तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि ते तिला मनातून फार लागलं होतं.

श्रावणातल्या एका दुपारी पलीकडून हाक आली. हौशीरामाची बायको रतनबाई पावसात उभी राहून ओरडत होती, "बयाबाई, माझी पोर, शालू अडलीया! कालपासनं कळा देतीया गं!"

फाटकाची वाट पाण्याखाली होती. ओढा कमरेच्या वर गेलेला. बयाबाईनं तेलाची बाटली आणि धडुती डोईला बांधली.

"मावशी," भिमाजी आडवा आला, "ज्यानं माझं डोस्कं फोडलं, त्याच्या घरी निगालीस?"

"मी शालूकडं चाललीया. दोर धरतोस, का बाजूला व्हतोस?"

भिमाजी बाजूला झाला. मग घरातून कासरा आणून त्यानं एक टोक जांभळीला आवळलं आणि दुसरं पलीकडे भिरकावलं. ते झेललं हौशीरामानं. दोघांनी दोर ताणून धरला, एकमेकांकडे न बघता, आणि त्या दोराच्या आधारानं बयाबाई पाणी कापत पार झाली.

मूल पायाळू होतं. दिवेलागणीपर्यंत ती शालूशी बोलत राहिली, पोट चोळत राहिली. मूल आलं ते निळसर, गप्प. बयाबाईनं बोटानं त्याचं तोंड साफ केलं, उलटं धरून पाठ चोळली, तेव्हा कुठं ते किंचाळलं. बाहेर बसलेला हौशीराम हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी तो लुगडं आणि नारळ घेऊन पुढं आला.

"लुगडं नको," बयाबाई म्हणाली. "वड्यावर पूल पायजे. दगडी."

"म्या एकट्यानं कसा बांदू, बयाबाई?"

"एकट्यानं काढलास की."

हौशीरामानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "मोडके रूळ मागतो सायबाला. पर दगडाचं काम आमाला येत न्हाई."

दगडाचं काम अलीकडच्यांना येत होतं. ज्या धरणानं गाव गिळलं, त्याच धरणावर त्यांनी दगड घडवले होते. पण म्हातारे दत्तोबा अडून बसले. "त्यांनी मोडला, त्यांनीच बांदावा."

"आबा, तुमची सून सातव्या महिन्यात डोईवर दोन हंडे घेऊन फाटकावरनं येती," बयाबाई म्हणाली. "त्ये दिसतंय का तुमाला?"

संध्याकाळी दत्तोबांच्या दारात छिन्नी परजल्याचा आवाज येत होता.

दिवाळीनंतर पाणी उतरलं आणि दर रविवारी काम सुरू झालं. पहिले दोन महिने दोन्ही बाजूंची माणसं वेगवेगळी भाकरी खायची. खांब उभे राहिल्यावर चढवताना पहिलाच रूळ ग्यांगवाल्यांच्या हातून निसटला आणि दत्तोबांच्या मुलाच्या, सोपानच्या पायावर पडला.

"मुद्दाम सोडला!" कुणीतरी ओरडलं. हातातल्या पहारी वर झाल्या.

बयाबाई मधल्या खांबाशी पाण्यात जाऊन उभी राहिली. "मारा," ती म्हणाली. "पयली मला मारा. तुमच्यातल्या निम्म्यांना म्याच जगात आनलंय."

कुणी हललं नाही. हौशीराम मात्र हलला. त्यानं सोपानला पाठुंगळी घेतलं आणि भर बाजारातून दवाखान्यात नेलं. मावळ्याच्या पोराला मुकादम पाठीवर घेऊन चाललाय हे दुकानादुकानांतून लोकांनी पाहिलं. तो परतला तेव्हा एकही माणूस घरी गेला नव्हता. रूळ जागेवर बसला होता आणि रतनबाई सगळ्यांना पिठलं वाढत होती.

फाल्गुनात पूल पुरा झाला. मग त्याच माणसांनी एकत्र बसून अलीकडे दुसरा नळ मिळावा म्हणून नगरपालिकेकडे अर्ज केला. दोन्ही काठांचे अंगठे एकाच कागदावर उमटले. जागा बघायला तिथले ओव्हरसियर आले. ते पुलावर थांबले, काठीनं खांब ठोकून पाहिले.

"काम पक्कं आहे. कंत्राटदार कोण?"

"कुनी न्हाई, सायेब. आमीच बांदलाय," बयाबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा जरा चढाच लागला.

"मधला खांब आमचा," भिमाजी लगबगीनं बोलला.

"आन् रूळ कुनी चढवले?" हौशीराम उसळला. "रुळाबगर खांबाला काय चाटायचंय?"

दोघांची चांगलीच जुंपली. ओव्हरसियर गोंधळून बयाबाईकडे पाहू लागले.

"भांडू द्या, सायेब," ती हसली. "आता भांडायला काई हरकत न्हाई. तुमी नळाची जागा बगा."

आणि पदर खोचून ती त्यांच्यापुढं पूल ओलांडू लागली.