उजाड काठाचे गुण

नगराच्या कचेरीत, मोजणी खात्यात काम करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे हरकतराव म्हणत, आणि या नावालाही त्यांची हरकत होती. एकवीस वर्षांच्या नोकरीत एकही कागद त्यांच्या मेजावरून आक्षेपाशिवाय पुढे सरकला नव्हता. इतरांचे जिथे ‘बघू’ म्हणून भागे, तिथे हे ‘परंतु’ काढून बसत. आणि त्या ‘परंतु’मागे वाक्य असे रचत, की वाचणाऱ्याला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागे. मोजणीत मात्र त्यांची वीतभरही चूक कुणाला काढता आली नव्हती. त्यामुळे लोक पाठीमागे हसत आणि अडले की त्यांच्याकडेच येत.

नगराच्या उत्तरेला एक ओढा होता. जुन्या पुलापासून पाणी उपसणाऱ्या पंपघरापर्यंत आणि तिथून पुढे वळणापर्यंत त्याच्या दोन्ही काठांवर वाळुंजाच्या झाडांची दाट राई होती. खाली लव्हाळे, बोरू आणि दरडीच्या बिळांतून ये-जा करणारे खंड्या पक्षी. ही राई कुणी लावली नव्हती आणि कुणी राखलीही नव्हती. तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही, एवढ्यावरच ती जगली होती. सरकारने हिरव्या मोकळ्या जागा आणि ओढ्यांचे काठ जपण्यासाठी अनुदान जाहीर केले, तेव्हा हरकतरावांना वाटले, हे अनुदान याच काठासाठी जन्माला आले आहे. त्यांनी चार आठवडे खपून एकूणएक झाड मोजले, नकाशा काढला आणि अर्ज धाडला.

अर्ज नापास झाला. पात्रतेला शंभरांत साठ गुण हवे होते, मिळाले चौतीस. निवड समितीच्या कोष्टकात सर्वाधिक गुण होते ते ‘हिरवाईत होणाऱ्या वाढी’ला आणि ‘नव्या रोपलागवडी’ला. जिथे काठ आधीच हिरवा, तिथे वाढ कसली आणि लागवड कुठे? ज्या शेजारच्या गावाने आपला ओढा अर्धा बुजवून घालवला होता, त्याला मात्र भरघोस गुण पडले. मुळात काही उरलेच नव्हते, म्हणून.

हा निकाल वाचून हरकतरावांना जी शिसारी आली, ती त्यांनी रीतीप्रमाणे कागदावर उतरवली. सलग तीन संध्याकाळी बसून त्यांनी साहेबांसाठी एक टिप्पणी लिहिली. तिच्यात निकषांची चिरफाड होती, उपरोध होता आणि शेवटी एक तक्ता होता: काठ आहे तसा हिरवा असता चौतीस गुण, हाच काठ उजाड असता एकोणऐंशी. तक्त्याखाली त्यांनी लिहिले, ‘यावरून काठाचे रक्षण करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग तो आधी नष्ट करणे हाच होय, हे सुज्ञांस सांगणे न लगे.’ हे वाक्य त्यांनी सात वेळा बदलले होते. आठव्यांदा ते साधले, तेव्हा मेजावर टिचकी मारून त्यांनी ते बायकोलाही वाचून दाखवले होते.

टिप्पणी वर गेली आणि दोन महिने काहीच कळले नाही. साहेबांचे हे मौन त्यांनी लाजेचे मानले.

त्यानंतर एका सोमवारी सकाळी पंपघराच्या हद्दीचा दगड तपासायला ते ओढ्यावर गेले आणि पुलावरच थबकले. पुलापासून पंपघरापर्यंत एकही झाड उभे नव्हते. ओंडके एका बाजूला रचलेले होते. झाडांनी आजवर झाकलेली सगळी घाण आता उघड्यावर आली होती: चिखलात रुतलेल्या पिशव्या, एक फुटकी मोरी, कुजलेली गादी आणि तिच्यावर घोंगावणाऱ्या माश्या. वाळुंजाच्या ओल्या सालीचा कडवट वास आणि मोरीचा वास एकमेकांत मिसळून असा उठत होता, की हरकतरावांनी रुमाल नाकाला लावला आणि तो तिथेच राहू दिला.

काठावर त्यांचा मेव्हणा उभा होता. बायकोचा हा धाकटा भाऊ बागकामाची कंत्राटे घेई. माणूस हसरा, दिलदार आणि कुठल्याही प्रश्नाच्या खोलात न जाणारा. त्याची दोन माणसे ताज्या बुंध्यांवर कुंचल्याने काळे काहीतरी फासत होती. हरकतरावांनी विचारले, हे काय चालले आहे. मेव्हण्याने सहजपणे सांगितले, की गाड्यांमधून काढलेले जळके तेल आहे. ते फासले की कापलेला भाग जुना दिसतो, फोटोत उठत नाही.

“झाडं कुणाच्या हुकमानं पाडलीस?”

“भावोजी, आता तुम्हीच असं विचारलंत तर आम्ही कुणाकडं बघायचं? तुमच्याच तक्त्यावर तर काम निघालं. मी आज ताईला सांगणारच होतो, भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी होकार दिला, आणि तो नेमका माझ्या पथ्यावर पडला.” मग त्यांचा चेहरा बघून त्याने आवाज उतरवला. “पुढच्या सोमवारी पंपघराच्या पलीकडचं घेतोय. तिथली जाडजूड आहेत, वेळ लागेल.”

हरकतराव तसेच चिखलाच्या बुटांनी कचेरीत गेले आणि त्यांनी फाईल मागवली. त्यांची टिप्पणी तिच्यात अगदी वर लावलेली होती. साहेबांची वाचण्याची एक पद्धत होती आणि ती सगळ्या कचेरीला ठाऊक होती: टिप्पणी ते खालून वर वाचत, आणि तक्ता असला तर त्याची शेवटची ओळ तेवढी. त्या ओळीशेजारी हिरव्या शाईत लिहिले होते, ‘प्रस्ताव मान्य. तातडीने कार्यवाही व्हावी.’ त्याखाली पाच जणांच्या सह्या होत्या. पाच माणसांच्या हातांतून तो कागद गेला होता आणि उपरोधाची एकालाही ठेच लागली नव्हती. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचले. ते अजूनही उत्तम बांधलेले होते, आणि याचीच त्यांना सगळ्यांत जास्त किळस आली.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने चहा मागवला, खुर्ची पुढे केली आणि हरकतरावांचे सगळे बोलणे ऐकून घेतले. ऐकताना तो अधूनमधून मान हलवत होता, जशी आपण अवघड सासऱ्यापुढे हलवतो. ती टिप्पणी थट्टा होती, असे हरकतरावांनी सांगितले, तेव्हा त्याला मनापासून नवल वाटले. सरकारी कागदावर थट्टा कशासाठी करायची, असा त्याचा साधा प्रश्न होता.

मग हरकतराव वादातल्या आपल्या जुन्या शस्त्राकडे वळले. नियमावली काढून त्यांनी दाखवले, की गुण मिळायला सबंध काठ उजाड असण्याची गरज नाही; सलग पाचशे मीटर पुरेत, आणि तेवढा तर पाडून झाला आहे. उरलेला भाग राखला तर ‘लगतची जुनी हिरवाई’ या सदराचे गुणही मिळतील. बेरीज सहासष्ट होते. पात्रतेला साठ लागतात. हे सांगताना आपला आवाज एखाद्या दलालासारखा येतो आहे, हे त्यांना ऐकू येत होते.

साहेबाने बेरीज दोनदा तपासली आणि तो खूश झाला. पंपघरापलीकडची तोड त्याने तिथल्या तिथे थांबवली. अट एकच घातली: अनुदान मिळाले तर उरलेली राई राहील. या खेपेलाही अर्ज फेटाळला गेला, तर पुढच्या वर्षी संपूर्ण काठ घ्यावा लागेल, त्याला इलाज नाही.

“आणि पूर्वस्थितीचा अहवाल तुम्हीच भरायचा,” साहेब म्हणाला. “तुमची मोजणी म्हटल्यावर समिती डोळे मिटून घेते. खोटं काही लिहू नका. आज काठ उजाड आहे की नाही? मग उजाड लिहा.”

खोटे लिहायचे नव्हते, हे एका रकान्यापर्यंत खरे होते. अहवालात लांबी होती, रुंदी होती, उताराचा कोन होता. हे सगळे त्यांनी दोन दिवसांत मोजून लिहिले. नववा रकाना होता, ‘काठ उजाड होण्याचे कारण’, आणि त्यापुढे चार पर्याय छापलेले: पूर, आग, रोग, मानवी तोड. तळाशी बारीक अक्षरांत सूचना होती, की मानवी तोड आढळल्यास अर्ज बाद होईल. नियम चांगला होता. कुणा भल्या माणसाने, अशी लबाडी होऊ नये म्हणूनच तो घातला असणार. खरे लिहिले, तर अर्ज बाद होणार होता आणि पंपघरापलीकडची राई जाणार होती.

ती रात्र त्यांनी बायकोपुढे बोलून काढली. बायको इस्पितळात परिचारिका होती आणि दिवसभराच्या उभे राहण्याने तिचे पाय सुजलेले होते. ते कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवून ती ऐकत होती. हरकतरावांनी दोन्ही बाजू मांडल्या. सत्याच्या बाजूने ते अर्धा तास बोलले, झाडांच्या बाजूने पाऊण तास. मग समितीकडे गुप्तपणे तक्रार करण्याचाही मार्ग त्यांनी तपासला आणि स्वतःच खोडून काढला. तक्रारीसोबत पहिला कागद जाणार होता तो त्यांचाच तक्ता. शेवटी त्यांनी विचारले, तिला काय वाटते.

“मला वाटतं, तुम्हाला कुठल्या तरी बाजूनं स्वच्छ निघायचं आहे,” ती म्हणाली. “तशी बाजू यात राहिलेली नाही. झाडं हवीत की हात धुतलेले हवेत, एवढंच ठरवा. आणि माझ्या भावाला मघाशी दिवाळखोर म्हणालात, तसं म्हणू नका, लबाड म्हणा. तो लबाड आहे, ते मला चालेल.”

सकाळी त्यांनी नवव्या रकान्यात ‘पूर’ या शब्दापुढे खूण केली. ‘केव्हा’ असे पुढे विचारले होते. त्यांनी मागच्या वर्षाचा, पहिला अर्ज गेल्यानंतरचा एक महिना लिहिला. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले. सही करून झाल्यावर त्यांनी लेखणीचे टोक पुसले आणि कचेरीच्या मागच्या नळावर जाऊन तोंड धुतले.

तीन आठवड्यांनी समितीची पाहणी झाली. साहेबाने उजाड काठावर चुन्याच्या रेघा मारून घेतल्या होत्या आणि मेव्हण्याने काळ्या पिशव्यांतली रोपे रांगेत मांडली होती. एकेक रोप वीतभर उंचीचे, पानांवर अजून औषधाची पांढरी पूड. समितीत तिघे होते. दोघांनी पुलावरूनच बघितले आणि साहेबाबरोबर चहाला गेले. समितीच्या अध्यक्ष बाई मात्र गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून आल्या होत्या. वय साठीचे, केस आखूड, गळ्यात दुर्बीण. त्यांनी बुंधे बघितले, पण वाकून बघितले नाहीत. मग पंपघर ओलांडून त्या राईत शिरल्या. पाण्यावर एक खंड्या सुरकन गेला. त्यांनी दुर्बीण उचलली नाही. नुसत्या डोळ्यांनीच तो जाईपर्यंत बघत राहिल्या. हरकतराव दोन पावले मागे उभे होते. ही बाई कोष्टकातले गुण कुणी ठरवले हे सांगू शकेल, असे त्यांच्या मनात आले; आणि बहुधा तिनेच ठरवले असतील, हेही आले.

“तिकडचा भागही असाच होता?” बाईंनी विचारले.

“असाच होता.”

“सगळा पुरानं नेला.” त्या जणू स्वतःशीच म्हणाल्या आणि वळल्या. “केवढा आला होता पूर?”

हरकतरावांनी जवळच्या वाळुंजाच्या खोडावर, छातीच्या उंचीला तळहात टेकवला. “इथपर्यंत.”

बाई जवळ आल्या. पूर एवढा चढला, तर खोडावर गाळाची रेघ राहते, हे मोजणी खात्यातल्या कारकुनालाही ठाऊक असते. त्यांना नक्कीच ठाऊक होते. त्यांनी तळहाताच्या वर बोटे फिरवली, खाली फिरवली. साल स्वच्छ होती. हरकतरावांना क्षणभर आशा वाटली, की आता ही विचारील. विचारले असते, तर त्यांनी सगळे सांगितले असते. निदान त्या क्षणी त्यांना तसे वाटले. बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितले, मग उभ्या झाडांकडे, मग पलीकडच्या उघड्या काठाकडे.

“पावसानं धुऊन गेली असेल रेघ,” त्या म्हणाल्या.

“असेल,” हरकतराव म्हणाले.

बाईंनी वहीत लिहून घेतले. मग खिशातून मोबाईल काढला आणि दोन पावले मागे सरल्या. अहवालाला पुराच्या उंचीचा फोटो जोडावा लागतो, असे त्यांनी सांगितले, आणि ते जरा अपराधी स्वरात सांगितले.

“हात तसाच राहू द्या.”

खोडावरची एक मुंगी हरकतरावांच्या मनगटावर चढली आणि बाहीत शिरली. ते तसेच उभे राहिले. पहिला फोटो हलला, म्हणून बाईंनी दुसरा घेतला.