सातवा अभिप्राय

शुभदा गेल्याच्या बाविसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी दहा वाजून चौदा मिनिटांनी, तिच्या ‘नंबर ८४’ या लेखाखाली तिच्या नवऱ्याच्या नावाने सातवा अभिप्राय उमटला: ‘वाचलं. छान आहे.’ प्रतापने तो लिहिलेला नव्हता.

त्याला तो कळला रविवारी, पुण्याहून सासूबाईंचा फोन आल्यावर.

“प्रतापराव, तुमचं वाचलं हो मी. शेजारच्या भास्करने उघडून दिलं.” सरलाबाईंचा आवाज अजून बसलेलाच होता. “एवढंसंच लिहिलंत, पण बरं वाटलं.”

“आई, ते मी...”

“ती सांगायची ना फोनवर. माझं लिहिलेलं आधी प्रताप वाचतो, मग बाकीचे. तिच्या लेखांच्या पुस्तिकेचं तेवढं बघा. बाराच तर लेख आहेत.”

“बघतो,” तो म्हणाला.

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या मराठी मंडळाची साइट प्रतापने स्वतः बांधलेली होती आणि तोच ती सांभाळत असे. फोन ठेवून त्याने प्रथम आपला पासवर्ड बदलला. दुपारी संपदा डबा घेऊन आली. ती तिथल्या तांत्रिक विद्यापीठात पीएचडी करत होती, शुभदाची मैत्रीण.

“कोणीतरी माझ्या नावाने घुसलंय,” प्रताप म्हणाला. “गेलेल्या माणसाच्या लेखाखाली मस्करी. मंडळातलंच असणार कोणीतरी.”

“आल्झो,” संपदा जर्मन सवयीने म्हणाली, “आधी लॉग बघू. माणसं नंतर.”

लॉगमध्ये संदिग्ध काही नव्हते. दहा चौदा सात: लेखाचे पान उघडले. दहा चौदा आठ: अभिप्राय साठवला. दोन्ही नोंदी याच घरातल्या, याच संगणकावरच्या.

“एका सेकंदात टाइप केलंत, प्रतापदादा? दोन बोटांनी?”

तो हसला नाही. शनिवारी त्याने ते पान उघडले होते हे खरे. पुस्तिकेसाठी मजकूर उचलला होता आणि पान बंद केले होते.

संपदाने लेखाचा मूळ मजकूर उघडला. शेवटच्या वाक्याखाली, पानावर न दिसणाऱ्या नऊ ओळी होत्या. मराठी नव्हे, कोड. लेखाबरोबर तो साठवला गेला होता आणि पान उघडणाऱ्याच्या संगणकावर, त्याच्याच अधिकाराने चालत होता.

“साइटने हे अडवायला हवं होतं,” ती म्हणाली.

का अडवले नाही, हे प्रतापला ठाऊक होते. अशा गोष्टी गाळणारा फिल्टर देवनागरीचा कचरा करत असे. २००४ च्या गणपतीत कार्यक्रमपत्रिका वेळेत लागावी म्हणून त्याने तो काढून टाकला होता. त्याच संध्याकाळी शुभदा मागे उभी राहून म्हणाली होती, “अरे, आता कोणी लेखात कोड चिकटवला तर तोही चालेल.”

“चाळीस घरांचं मंडळ आपलं. कोण चिकटवणार?”

पुण्यात सहा वर्षे ती प्रोग्रॅमर होती. इथे तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती.

संपदा एकेक ओळ वाचू लागली. “वाचणारा प्रताप असेल तरच. दुसरं कोणी असेल तर काहीच करू नकोस. एकदाच. मग त्याच्या नावाने हे वाक्य...” ती थांबली. “हे वाक्य कुठलं?”

प्रताप उठला आणि जेवणाच्या टेबलाजवळची दुसरी खुर्ची, सरळच होती तरी, सरळ करू लागला. इथे बसून शुभदा विचारायची, “वाचलंस?” तो म्हणायचा, “वाचलं. छान आहे.” तिच्यासमोर लॅपटॉपवर तोच लेख उघडा असायचा, खाली मंडळातल्या लोकांचे अभिप्राय. ती एकदा तिकडे बघायची, मग लॅपटॉप मिटून जेवणाची पाने घ्यायला उठायची.

“बाराही लेखांत आहे हे,” संपदा म्हणाली. “पण तुमचा अभिप्राय फक्त या एका...”

डब्याचे झाकण घट्टच होते. ते तिने पुन्हा दाबले.

“फिल्टर लावू का परत? आता देवनागरीला चालणारा आहे. पाच मिनिटांचं काम. मग यातलं काहीच चालणार नाही.”

“आज नको.”

“दादा, भोक उघडं ठेवणं बरोबर नाही.”

“माहीत आहे. अकरा राहिलेत. तेवढे उघडू दे.”

ती गेल्यावर त्याने ‘नंबर ८४’ वाचायला घेतला. आउसलेंडरबेहोर्डच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीच्या, बाकावर एक बाई हातात चिठ्ठी धरून बसली होती. शेजारी तिचा नवरा फाइल चाळत होता. नंबर पुकारला गेला तेव्हा ती मुद्दाम उठली नाही. त्याच्या लक्षात येते का ते तिला बघायचे होते. ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी.

त्याने ते पान दोनदा वाचले. मग साइटच्या दोषांची वही काढली. ती न चुकता लिहायची त्याची जुनी सवय होती.

‘४ मार्च २००७. दोष: वाचकाने न लिहिलेला अभिप्राय वाचकाच्या नावाने. बाहेरून घुसखोरी नाही. कोड लेखातच साठवलेला. लेखिकेने १६ एप्रिल २००६ रोजी, लेखासोबतच घातलेला. ठरावीक वाचकाने पान उघडताच तो एकदा चालतो. साडेदहा महिने न चालण्याचे कारण: त्या वाचकाने लेख उघडला नव्हता.’