कपाटाची किल्ली

तीस वर्षं वकीलसाहेबांच्या दस्तऐवजांच्या कपाटाची किल्ली कारकून हिंमतरावांच्या करदोट्याला होती. आता सगळ्या फायली क्लाउडवर गेल्या, आणि तो क्लाउड निवडला कालच्या पोरीने, ज्युनिअर वकील सदफने! साहेबांच्या तोंडी तिचंच कौतुक. हिंमतरावांचा नुसता जळफळाट झाला. ती धडगावच्या कोर्टात गेल्यावर त्यांनी तिच्या खात्यावर मुद्दाम तीनदा चुकीचा पासवर्ड मारला. बसू दे कुलूप, होऊ दे फजिती!

त्यांच्याच खिशातला फोन वाजला : 'सदफच्या खात्यात कोणीतरी शिरू पाहतंय.'

गोंधळून त्यांनी तिलाच फोन लावला आणि हा इशारा आपल्याकडे कसा आला ते विचारलं.

"इशाऱ्यासाठी मीच तुमना नंबर टाकेल शे, काका. हापिसमा तुमनापेक्षा भरवशाना माणूस कोन शे?" सदफ म्हणाली. "आते सांगा, चोर कोन शे?"