पार टोकापर्यंत

सुऱ्याची मूठ उघडायला आसाराम भालसिंगला अठ्ठावीस वर्षं लागली. तीही उघडली ती लेकीच्या सांगण्यावरून. "दादा, पातं झकास हाय, नुसती मूठ बदला की," राजेश्वरी म्हणाली.

आसाराम भिंगारला लष्कराच्या मेसमध्ये आचारी होता. तो सुरा त्याने बाजारातल्या गहिनीनाथ लोहाराकडून खास घडवून घेतला होता. चार वर्षांनी ऐन कामात मूठ तडकली, पातं फिरलं आणि आसारामच्या तळव्याला सात टाके पडले. हात गळ्यात बांधून तो चहाच्या टपरीवर बसला आणि चारचौघांत बोलून गेला, "पात्याची शेपटी मुठीत बोटभरच घातली असनार. लोखंड वाचवलं लोहारानं."

गहिनीनाथ टपरीवर आला. "समद्यांम्होरं मूठ उघड," एवढंच म्हणाला.

"उघडायचं काय त्यात? दिसतंय की," असं म्हणून आसारामने सुरा घरी नेऊन पेटीत टाकला. लोक विळे-कोयते नगरहून आणू लागले. दोन वर्षांत गहिनीनाथने भाता विकला आणि बिऱ्हाड मिरजगावला मेव्हण्याकडे हलवलं.

आता अंगणात बसून आसारामने कानशीने रिवेटांची डोकी घासली आणि मूठ दुभंगली. शेपटी मुठीच्या पार टोकापर्यंत गेली होती. जाड, सरळ, दोन्ही रिवेटांत घट्ट. वरवर गंज, पण शाबूत. लाकूड मात्र आतून काळं पडून भुसभुशीत झालेलं. काम आटोपलं की सुरा भांड्यांबरोबर गरम पाण्यात भिजत टाकायची खोड कोणाची होती, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सुरा पिशवीत घालून एसटीने तो मिरजगावला गेला. गहिनीनाथ ओट्यावर बसला होता, शेजारी त्याची बायको झुंबरबाई शेंगा फोडत होती.

"माझं चुकलं," आसाराम म्हणाला. "लाकूड मीच कुजवलं."

गहिनीनाथने उघड्या शेपटीवर अंगठा फिरवला. एका जागी तो थांबला. "हितं जरा जास्त तापवलं मी."

"अरं, पन शेपटी पुरी हाय."

"ते मला म्हाईत हुतं की."

झुंबरबाईने मान वर केली नाही. "तुमच्या त्या बोलन्यापायी आमच्या पोरीची सोयरीक मोडली. फसव्याची लेक म्हनले. ठावं हाय का तुमाला?"

आसारामला ठाऊक नव्हतं. गहिनीनाथने चहा टाकायला सांगितला. चहा आला, तिघांनी प्यायला.

टपरीवरच्या त्या चौघांपैकी आता एकटा कानिफनाथ शिंपी उरला होता. भिंगारला उतरून आसाराम तडक त्याच्याकडे गेला, गहिनीनाथचं नाव घेऊन सुरा त्याच्या हातात दिला.

"गहिनीनाथ?" कानिफनाथने आठवून पाहिलं. "अर्धी शेपटी घालायचा, तोच ना?"

"न्हाई," आसाराम म्हणाला आणि त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं.

कानिफनाथने ऐकून घेतलं. "आसंल," म्हणाला, सुरा परत दिला आणि मशीनला दोरा ओवू लागला.