धाकट्या भावाची कानस

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं आणि गोल स्वयंपाकघरातली शांतता मोडली. शुवाईने घाईघाईने ते बाजूला सरकवलं. मांडीवर रूवा नुकती कुठे निजली होती. पाच वर्षांची झाली तरी दुपारच्या झोपेला तिला आईची मांडीच लागायची. पाय आता मांडीबाहेर भुईवर जायचे, एवढाच फरक. पोरीचे डोळे किलकिले झाले आणि पुन्हा मिटले.

झाकण गप्प झालं तसं अंगणातलं सगळं ऐकू यायला लागलं, आणि शुवाईला तेच नको होतं.

अंगणात चटईवर तापेराकाका बसले होते, तिच्या बाबांचे धाकटे भाऊ. पुढ्यात दोन म्बिरा, एक काकांची, एक बाबांची. जाड लाकडी पाटी, तिच्यावर पोलादी पट्ट्यांच्या ओळी, अंगठ्यांनी छेडायच्या. दोन्ही एकाच कारागिराने एकाच झाडाच्या लाकडातून घडवलेल्या. बाबा गाणं उचलायचे आणि काका मागून असे शिरायचे की कोणता सूर कोणाचा हे कोणालाच सांगता यायचं नाही.

आज बाबांना घरी आणायचं होतं. गेलेला माणूस वर्षभर रानावनात फिरतो. मग नाचणीची दारू तयार ठेवून, त्याचं गाणं त्याच्याच सुरांत वाजवून हाक मारायची, तेव्हा तो येतो आणि घरच्यांच्या पाठीशी राहतो. परक्या सुराला तो ओ देत नाही. म्होन्डोरोच्या गावांत पट्ट्या सुरात लावायची रीत, म्बिराचा लाग, घरागणिक वेगळा. बाबांच्या लागात खालच्या तीन पट्ट्या जराशा उतरलेल्या असायच्या, शेतावरून दमून आलेल्या माणसाने ओट्यावर अंग टाकावं तशा.

असायच्या. तो शब्द मनातल्या मनातसुद्धा शुवाईला टोचला.

हरारेतल्या एका हॉटेलात ती शनिवारी वाजवायची, गिटार आणि कीबोर्डच्या जोडीने. बाबांमागे तिच्याकडे आलेली त्यांची म्बिरा तिथे बेसूर ठरली. कीबोर्डच्या दोन सुरांमधल्या फटीत बाबांचे सूर बसलेले. कीबोर्डवाला हसून म्हणाला होता की ताई, माझं यंत्र काही सरकत नाही, तुमच्याच पट्ट्या सरकवा. एका दुपारी, रूवा झोपलेली असताना, तिने आधी हातोडी घेतली आणि मग कानस. वाटलं होतं, कार्याच्या आधी परत लावून टाकू, बाबांचा लाग कानात तर आहेच. गेल्या आठवड्यात ती लावायला बसली आणि कानात काहीच नव्हतं. काहीही केलं तरी ते कीबोर्डसारखंच लागायचं. त्याहून वाईट म्हणजे तिला तेच गोड वाटायचं. रूवाला ती त्याच सुरांवर थोपटत आली होती.

सकाळी काकांनी दोन्ही म्बिरा शेजारी ठेवून छेडल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"रूवाची आई, ही दादा गेल्यापासून अशीच आहे ना?"

मोठ्यांशी बोलताना वाजवतात तशा शुवाईने ओंजळीने हलक्या टाळ्या वाजवल्या आणि मान खाली घालून म्हणाली, "जपून ठेवलीय, काका."

एवढंच. जपून ठेवली होती, हे खरंच होतं. रोज पुसायची, तेल लावायची. काकांनी मान डोलावली. मग माझीच सरकली असणार, म्हणाले. वर्षभर एकटाच वाजवतोय, एकट्याला आपली चूक ऐकू येत नाही. थोरल्याची ती थोरल्याची, धाकट्याने तिच्या मागून जायचं. आणि ते आपल्या म्बिराच्या पट्ट्या ठोकू लागले.

हातोडी चालू होती तोवर शुवाई स्वतःची समजूत घालत राहिली. ठोकलेली पट्टी परत ओढता येते. जेवणं झाल्यावर सांगू. पण जेवणं झाली आणि आता कानस सुरू झाली होती. खर्र, खर्र. घासलेलं पोलाद परत येत नाही. बाबांचा लाग आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, काकांच्या म्बिरात, आणि काका तिच्या शब्दावर विसंबून स्वतःच्या हाताने तो पुसत होते.

उठायला हवं होतं. पण मांडीवर रूवाचं डोकं होतं, उठलं तर पोर जागी होईल. शुवाईने ते कारण घट्ट धरून ठेवलं.

तेवढ्यात दारूची मडकी बघून माईदेई आत्या आत आली. हातावरचा फेस पुसत तिने मायलेकींकडे पाहिलं.

"एवढी घोडी मांडीवर? मग नवऱ्याला कुठे ठेवतेस, डोक्यावर?"

शुवाई कसनुसं हसली. आत्या तिच्याजवळ टेकली आणि बोलत राहिली. वर्षभरात भाऊ एकदाही स्वप्नात आला नाही, रुसलाय मेला. आज येऊ तर दे, आधी विचारणार आहे की जाताना म्हातारीला मागे का टाकलंस. थट्टेत सुरू केलेलं बोलणं शेवटाला ओलं झालं, आणि तिने कमरेच्या कापडाच्या टोकाने नाक पुसलं.

बाहेर काकांनी हाक मारली. लागली म्हणाले, ऐक. आणि त्यांनी बाबांचं गाणं छेडलं.

आत्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. बराच वेळ ऐकलं.

"छान वाजतंय," ती म्हणाली. "दुकानातल्या रेडिओसारखं." मग आवाज खाली आला. "तापेरा, हा दादा नाही रे."

काका म्हणाले, दादाच्याच म्बिरावरून लावलंय, पट्टी न पट्टी.

"मग मीच विसरले असेन," आत्या म्हणाली. "कान पण गेले बघ."

काका म्हणाले, मलाही आधी तसंच वाटलं होतं, वय झालं आपलं. दोघं एकमेकांकडे बघून हसले. ते हसू शुवाईला बघवलं नाही. रूवाचं डोकं तिने हळूच चटईवर ठेवलं आणि ती बाहेर आली.

"तुम्ही विसरला नाहीत, आत्या. मी बदलला लाग. हॉटेलसाठी. काका, तुमचीच बरोबर होती."

काकांनी हातातल्या कानशीकडे पाहिलं. मांडीवर पोलादाची बारीक पूड पडली होती. ती त्यांनी फुंकली नाही, झटकलीही नाही.

"सकाळी विचारलं होतं मी," एवढंच ते म्हणाले.

आत्याने मात्र तिला सोडलं नाही. "तुला लाज वाटली म्हणून माझा भाऊ बाहेर राहायचा का गं? परक्या घरासमोरून जावं तसा तो इथून निघून जाईल."

शुवाईने गुडघे टेकले. कोणी तिला उठ म्हटलं नाही.

मग काकांनीच बहिणीला गायला सांगितलं. आत्या डोळे मिटून गायली. तिचा आवाज फाटका होता, तरी काका तो धरून एकेक पट्टी मागे ओढत गेले. नुसत्या ठोकलेल्या पट्ट्या जुन्या गंजाच्या खुणांवर परत बसल्या. खालच्या तीन बसल्या नाहीत, त्याच घासल्या होत्या. वजनाने सूर उतरावा म्हणून काकांनी त्यांच्या टोकांना खालून मेण लावून बघितलं, मग आणखी थोडं.

"जवळ आलंय," ते म्हणाले.

"जवळ," आत्या म्हणाली आणि उठून मडक्यांकडे गेली.

पायवाटेवर माणसं दिसू लागली होती. आता थांबता येणार नव्हतं. काकांनी बाबांची म्बिराही तशीच मेण लावून शुवाईच्या हातात दिली. गाणं तू उचल, मुलगी तू आहेस, मी मागून येतो, म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि त्यामुळेच तिला त्यांच्याकडे बघता येईना. अंगठे पट्ट्यांवर पडले. हातांना गाणं पाठ होतं. कान मात्र प्रत्येक खालच्या सुराला हॉटेलकडे ओढत होता.

रूवा डोळे चोळत बाहेर आली आणि तिच्या पाठीला रेलून उभी राहिली. आत्याचं मघाचं बोलणं तिने अर्धवट झोपेत ऐकलं असावं.

"आई, आजोबा इथून पुढे निघून गेले, तर रात्री झोपायला कुठे जातील?"